भिंत, तेल आणि नववा मजला

जुनी झूम लेन्स विकत घ्यायची असली की कल्याणच्या आसपासचे बरेच फोटोग्राफर आधी ती आमच्याकडे आणतात. आमच्याकडे म्हणजे मी आणि माझा पार्टनर प्रसाद. काच स्वच्छ आहे का, कोपऱ्यात फोटो धूसर येतो का, रिंग नीट फिरते का, हे बघून सांगायचं एवढंच आमचं काम. पण संध्याकाळी शटर ओढून चहाला बसलो की लेन्सबद्दल कुणी बोलत नाही. एकाला एक किस्सा आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा, आणि टपरीवाला न विचारता पुढचा कटिंग ठेवून जातो.

*

लेन्स तपासायला विटांची सपाट भिंत फार कामाची. समोरून फोटो काढायचा. मधल्या विटा जशा दिसतात तशाच कोपऱ्यातल्याही दिसल्या पाहिजेत. डोंबिवलीला एमआयडीसीच्या मागे आम्हाला अशी एक झकास भिंत सापडलेली. तिथल्या मूळच्या एका आगरी कुटुंबाच्या जागेचं ते रस्त्यालगतचं कंपाउंड. आम्ही ट्रायपॉड लावायचो, टेपने अंतर मोजायचो, फोटो काढून निघून यायचो. घरातले एक आजोबा ओट्यावर बसून नुसते बघायचे. कधी काही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

एकदा गेलो तर भिंतच नाही. चांगली हातभर मागे नवीन भिंत उभी, प्लॅस्टरसकट. आम्ही बघतच राहिलो. आजोबा ओट्यावरून उठून आले आणि हात जोडून म्हणाले, "तुमी पारायच्या आदी आमीच मागं घेतली. आता रस्त्याला बराबर हाय ना, सायेब?"

*

नौपाड्याचे एक गृहस्थ लेन्स घेऊन आले. खोका कंपनीतून निघालेला तसाच, सील शाबूत. कित्येक वर्षांपूर्वी भाच्याने परदेशातून आणलेली. आतून बुरशी आली असेल का, एवढंच त्यांना हवं होतं. प्रसादने सील कापायला कटर उचलला तर त्यांनी त्याचा हात धरला. उघडली तर ती नवी कुठे राहणार, म्हणाले. "बाहेरूनच बघून सांगा."

*

कल्याणचा एक लग्नाचे फोटो काढणारा, विकी. त्याची झूम लेन्स उजवीकडे कायम मऊ, म्हणजे धूसर. ग्रुप फोटोत नवरीकडची मंडळी स्वच्छ आणि नवऱ्याकडची धुक्यात, त्यावरून त्याची भांडणं झालेली. आतली एखादी काच तिरकी बसली की असं होतं. एका हॉलमध्ये ती लेन्स स्टेजच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. विकी रडवेला होऊन आमच्याकडे आला.

आम्ही टेस्ट घेतली. पुन्हा घेतली. डावी बाजू, उजवी बाजू, अगदी सारखी. प्रसादने इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं, मीही नाही. विकी निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुसरी लेन्स घेऊन हजर.

"हिची डावी बाजू गेलीय. किती पायऱ्या लागतील?"

*

टिटवाळ्याच्या एका मुलाची लेन्स हातात घेतली तर रिंग लोण्यासारखी फिरली. इतकी जुनी लेन्स अशी फिरत नाही. टॉर्च मारला तर आत काचेवर तेलाचा थर. घट्ट झालेली म्हणून आईने शिलाई मशीनचं तेल सोडलं, असं त्याने सहज सांगितलं. त्या लेन्सने काढलेले फोटो बघितले तर सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. मी म्हटलं, उघडून साफ करावी लागेल. तो दचकलाच. लेन्स माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, "साफ नका करू. या लूकवर दोन प्री-वेडिंग बुक झालीयत."

*

आणि हा घोडबंदर रोडचा.

तिथल्या एका कॉम्प्लेक्समध्ये साठेकाका राहतात. पक्ष्यांचे फोटो काढायचे, आता गुडघ्यांमुळे फिरणं बंद. त्यांची भलीमोठी झूम लेन्स विकायची होती. लांबचं किती स्पष्ट दिसतं ते बघायला आम्ही त्यांच्या विंगच्या गच्चीवर गेलेलो, दुपारची वेळ. समोरच्या विंगवर फोकस केला, कारण खिडक्यांच्या सरळ रेषांवर दोष चटकन कळतो. प्रसादने फोटो लॅपटॉपवर घेऊन वरचा डावा कोपरा मोठा केला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

कोपऱ्यात एक उघडी खिडकी होती. खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर तीनेक वर्षांची मुलगी पाय सोडून बसलेली.

प्रसाद धावत जाऊन कॅमेऱ्याला डोळा लावून बसला. काका हाक मारायला निघाले, मी त्यांना धरलं, कारण हाक ऐकून ती उठली असती. काकांनी गेटवर फोन लावला. बी विंग, नववा मजला, एवढंच कसंबसं सांगितलं. मग आम्ही नुसते उभे. उघड्या डोळ्यांनी तिथे एक पिवळा ठिपका दिसत होता, बाकी काही नाही. प्रसाद जे दिसेल ते हळू आवाजात सांगत होता. बसलीय. खाली बघतेय. तिने मान वळवली, बहुतेक बेल वाजली. उठतेय.

मी डोळे मिटून घेतले.

"घेतली," प्रसाद म्हणाला. "आतून हात आला. फ्रॉकला धरून घेतली."

काका पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले.

थोड्या वेळाने गच्चीचं दार उघडलं. वॉचमनच्या मागून मुलीची आई आली. केस सुटलेले, पायात चप्पल नाही, मुलगी कमरेवर घट्ट आवळलेली. काका गुडघा धरून उठायला लागले. ती आमच्याजवळ आली, ट्रायपॉडवरची ती लांबलचक लेन्स बघितली, ती कुठे रोखलीय ते बघितलं, आणि मग आमच्याकडे वळली.

"तुम्ही आमच्या बेडरूममध्ये काय बघत होता?"