सुमनवहिनींची किटली

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचीच किटली घासत होते. पुढची बैठक आमच्या घरी होती ना. "आई पहाटे झोपेतच गेली," त्यांचा मुलगा म्हणाला. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि किटली घासतच राहिले… हाताला दुसरं काही सुचेना.

गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सुमनवहिनी राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, ऑफिसातून रिटायर झालेल्या, जिभेला धार. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे मी सगळ्यांना सांगते, म्हणून त्यांनी मला नावच पाडलं होतं, "काय गं पदवीधर?"

एका वर्षी डेंग्यूने कहर केला. बिल्डिंगवाले म्हणायचे, मागच्या चाळीतल्या पाण्याच्या ड्रममुळे. चाळवाले म्हणायचे, बिल्डिंगच्या गच्चीवरच्या कुंड्यांमुळे. वहिनींनी बिल्डिंगमध्ये सभा घेतली. चाळीतून कुणी फिरकलं नाही. मी चिडले. वहिनी म्हणाल्या, "आपल्या दारात बोलावलं की ते पाहुणे. पाहुणा काम करतो होय?" आणि ॲल्युमिनियमची मोठी किटली उचलून त्या थेट चाळीत गेल्या, तिथे राहणाऱ्या रेहानाच्या दारात. "चहा तू कर, माणसं मी आणते."

तिथून रीत पडली. किटली ज्याच्याकडे, बैठक त्याच्याकडे. आणि बोलणं सुरू होण्याआधी त्याच्याच घरातलं साठलेलं पाणी सगळ्यांनी मिळून तपासायचं. तपासणीचा पहिला मान वहिनींनी स्वतःकडे घेतला. त्यांच्या खिडकीत मनीप्लांटची बाटली होती. रेहानाने ती उजेडात धरली, आत अळ्या वळवळत होत्या. "भाभी, मच्छर तो आपने पाले हैं!" चाळ हसली, बिल्डिंग हसली, कोपऱ्यावरचे केमिस्ट महेशभाई तर डोळे पुसायला लागले. त्यानंतर कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. ती बाटली वहिनींनी मुद्दाम ठेवली होती का? विचारायचं राहूनच गेलं…

ड्रम रिकामे करायला आम्ही बिल्डिंगवाल्यांनी रविवार ठरवला होता. चाळीतल्या बायका म्हणाल्या, रविवारी ड्रम ओतला आणि पाणी आलंच नाही तर प्यायचं काय? मग दिवस त्यांनी ठरवला, पाणी यायच्या आदल्या संध्याकाळचा. तो टिकला. पुढे त्याच बैठकांत शुगर, बीपीच्या गोष्टी निघाल्या. महेशभाई मशीन घेऊन बसायचे, तेही आधी स्वतःचं बोट टोचून.

मग एका पुढाऱ्याने बैठकांसाठी पलीकडच्या बेव्हर्ली पार्कला खोली देऊ केली. फुकट, पंख्यासकट, बाहेर बोर्ड. मी म्हटलं, घ्या. वहिनी म्हणाल्या, "तिथं चहा कुणाच्या घरचा?" आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "वहिनी, सगळं तुमच्या पायांवर चाललंय. उद्या पाय थकले तर?" त्या हसल्या फक्त. खोली घेतली नाहीच. मला आजही वाटतं, घ्यायला हवी होती. माणूस गेल्यावर काम कुठे ठेवायचं?

हाच प्रश्न गेले काही आठवडे डोकं खातोय. किटली ओट्यावर. मी ती माळ्यावर टाकते, पुन्हा खाली काढते. बोलावलं आणि कुणी आलंच नाही तर? वहिनींच्या शब्दाला माणसं येत होती, की खरंच कामाला? चाळीवरून जाताना ड्रमची झाकणं बघत जाते आणि कुणी हाक मारायच्या आत सटकते. झोप लागत नाही नीट.

परवा बेल वाजली. दारात रेहाना, मागे महेशभाई, जिना चढून धापा टाकत.

"किटली तुम्हारे पास है ना?" रेहाना म्हणाली. "फिर दबाके क्यों बैठी हो?"

"मैं बुलाने ही वाली थी…"

"हां हां. हटो, पहले तुम्हारा घर."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. महेशभाईंनी फ्रिज पुढे ओढला. त्याच्या मागे पाणी साठायचा ट्रे असतो, तिकडे मी कधी बघितलंही नव्हतं. रेहानाने मोबाइलची बॅटरी मारली आणि मला हाताने जवळ बोलावलं. पाण्यात काहीतरी वळवळत होतं.

"काय गं पदवीधर?" महेशभाई म्हणाले. अगदी वहिनींच्या सुरात.

मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. रेहानाने ट्रे मोरीत ओतला. मी किटली गॅसवर ठेवली.