पट्ट्याची शेवटची वीत

इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणारे देवचंद कापगते तळ्याची पाळ नुसती बघून पाणी कुठं मुरतं ते सांगत. गाडीपुढं मात्र त्यांची अक्कल चालेना. थाट बघून घेतलेली महागडी जुनी गाडी देवरीच्या जंगलात तीनदा बंद पडली. मेकॅनिकला कारण सापडेना, आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीचे, नीतूचे तर दिवस भरत आलेले. म्हणून ते गोंदियात साधी, मोठ्या डिक्कीची, भरवशाची गाडी शोधत होते.

"एकदम चकाचक है, भैया," दलाल म्हणाला.

देवचंदनी मॅट उचलून हुंगली. कुबट वास नव्हता, तरी मन मानेना. मग त्यांनी सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची बारीक रेघ होती.

"हे गाडी पुरात बुडालेली हाये. मले कायले फसवून राहिला?"

देवचंद तरातरा येऊन आपल्या गाडीत बसले. किल्ली लावता लावता हात थांबला. त्यांनी पट्टा ओढला, ओढतच गेले.

तीच रेघ.

उद्या सकाळी त्यांची ही गाडी विकत घ्यायला बिरसी गावचं गिऱ्हाईक येणार होतं. देवचंदनी पट्टा हळूहळू परत आत जाऊ दिला.