टेबलावरचं मशीन

युसूफ वडगाव या गावी पिठाच्या गिरणीत मी उमेदीची वर्षं काढली. दळण जास्त पडलं की इंजिन धापा टाकायचं. पुक्... पुक्... आणि मध्येच दम घ्यायचं. तो आवाज अजून कानात आहे. आता मी धारूरला, माझा भाचा बालाजी लग्नाचे व्हिडिओ बनवतो, त्या माडीवरच्या दुकानात बसतो. शटर उघडतो, चहा आणतो. त्याचा जुना कॉम्प्युटर कामाला लागला की मला तेच इंजिन ऐकू येतं. गिरणीत भुवयांवर पीठ साचायचं. कुणी आणून टाकायचं नाही, आपोआप साचायचं. इथले किस्से तसेच.

*

बालाजी त्या कॉम्प्युटरला वर्कस्टेशन म्हणतो. त्याला नवं पाहिजे, पण त्याच कंपनीचं, आणि नवं मॉडेल निघालं की मगच. कंपनी काही काढीना. मग त्यानं आधी टेबल करून घेतलं. सागवानी, मागं वायरीला भोक.

एकदा मी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"मामा! तिथं मशीन हाय!"

मी पाहिलं. टेबल रिकामं होतं. मी ग्लास उचलला.

*

अंबाजोगाईच्या दुकानदाराला बालाजीचा फोन ठरलेला.

"शेठ, आलं का नवं मॉडेल?"

"येणार हाय. कंपनी म्हणती, लवकरच येणार हाय."

बालाजीची बायको सविता भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या लग्नात सासूबाई बी म्हणल्या व्हत्या, पोरगं लवकरच पुण्याला नोकरीला लागणार हाय!"

*

एकदा मात्र खरंच आलं! बालाजी जीप करून अंबाजोगाईला गेला आणि जीपमधून एकटाच उतरला.

"डबा नवा केलाय, मामा. आतलं समदं जुनंच हाय."

"आमचा गिरणीचा मालकही दिवाळीला इंजिनाला रंग द्यायचा," मी म्हणालो.

बालाजी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

*

खंडेनवमीला सवितानं हत्यारांची पूजा मांडली. जुन्या मशीनला हळद-कुंकू वाहिलं. मशीन चालू होतं. पंख्यानं सगळं कुंकू आत ओढलं आणि मागून भिंतीवर सोडलं. भिंत अजून लाल आहे.

"बंद तरी करायचं बे!" बालाजी माझ्यावर ओरडला, आणि मग जीभ चावली.

सवितानं उरलेली फुलं रिकाम्या टेबलावर वाहिली, नारळ फोडला. एक गिऱ्हाईक दारातून हात जोडून म्हणालं, "देव कुठाय, वहिनी?"

"यायचाय."

*

धर्मापुरीकडचा खंडू मेंढरं घेऊन धारूरच्या किल्ल्याच्या पायथ्याला उतरला होता. सोबत म्हातारी आई. त्याच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ बालाजीकडे अडकलेला. जुनं मशीन त्यावर सारखं अडायचं. हळदीत म्हातारी नाचली होती, ते तिला बघायचं होतं. आणि तिची नजर दिवसेंदिवस जात चालली होती.

दर बाजाराच्या दिवशी खंडू दारात. "झालं का वो?"

"नव्या मशीनवर एक नंबर करून देतो, तात्या."

"म्हातारी आता माणूस आवाजावरनं वळखती, मालक. टीव्हीला नाक लावलं तर दिसंल अजून."

बालाजीनं चहाचा ग्लास हातात ठेवूनच फोन लावला. स्पीकरवर.

"शेठ, आलं का?"

"ते मॉडेल कंपनीनं बंदच केलं, बालाजी. आता येणार न्हाई."

बालाजीनं फोन बंद केला. मशीन तेवढं धापा टाकत होतं.

खंडूच हळू म्हणाला, "मंग जुन्यावरच करा की. म्हातारीला मशीन कुठं दिसतंय?"

बालाजीनं ग्लास सागवानी टेबलावर ठेवला. खुर्ची ओढली आणि जुन्या मशीनवर खंडूच्या घरचं लग्न उघडलं. पडद्यावर म्हातारी आली, पदर खोचला, हात वर केले, एक पाय उचलला आणि मशीन अडलं. म्हातारी तशीच, पाय हवेत.

खंडू पडद्याजवळ गेला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं घोंगडी खांद्यावर घेतली आणि "हलवू नका, म्हातारीला घिऊन येतो," म्हणत भराभर जिना उतरून गेला.