छताखाली चिकटवलेल्या काळ्या पट्ट्या

गारखेड्यातल्या आमच्या घरात खाली आम्ही राहतो आणि वरच्या मजल्यावर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथं दिवसभर बसलेली असतात. मध्यंतरी त्यानं हॉलच्या मधोमध पुस्तकांची लोखंडी कपाटं लावली आणि काही महिन्यांत आमच्या बेडरूमच्या छताला भेग पडली. आधी केसाएवढी होती. मग पलंगावर गिलाव्याची भुकटी पडायला लागली, तशी बायको त्या खोलीत झोपेनाशी झाली.

मी एका इंजिनिअर मॅडमना बोलावलं. छत तपासून त्या म्हणाल्या, "स्लॅबमध्ये सळई कमी पडलीय. पाडायची गरज नाही. खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवू. पण तोवर वर कोणी बसायचं नाही."

मॅडमनी दाखवायला आणलेली पट्टी हातात घेऊन दादा भडकला. "परीक्षा तोंडावर आलीय. पोरांना कुठं पाठवू? आणि ही पट्टी तर हातानं वाकतीय. हिच्यावर घर उभं राहणार व्हय?"

"वाकवून काय बघता? ओढून बघा, कितीही ताणली तरी तुटणार नाही," मॅडम म्हणाल्या.

दादानं पट्टी खाली टाकली आणि तो जिना चढून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. अभ्यासिका सुरूच होती. वर खुर्ची सरकली की माझ्या हातातला घास थांबायचा. शेवटी वहिनीनंच मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या हॉलमध्ये मुलांची सोय केली. मग दादानं पोरांना हाताशी घेऊन कपाटं जिन्याजवळ हलवली.

काम सुरू झालं. छताला खालून लोखंडी टेकू लागले, भेगांत रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा चिकट द्रव, भरलं गेलं, काँक्रीट घासून त्यावर त्या काळ्या पट्ट्या चिकटल्या. एके ठिकाणी ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तेवढं पुन्हा भरलं. सगळं वाळल्यावर चाचणीचा दिवस आला. वर विटांचा कट्टा करून वजनासाठी पाणी भरायचं आणि छत किती वाकतं ते मोजायचं. टेकू काढून, छत खचलंच तर झेलायला, छतापासून थोडं अंतर ठेवून परत लावले होते. छताला लावलेल्या काट्याची तबकडी मॅडम दाराबाहेरून दुर्बिणीतून वाचत होत्या. आत जायची सक्त मनाई होती.

पाणी चढत होतं, तसा काटा हळूहळू सरकत होता. तेवढ्यात दादा सरळ खोलीत शिरला आणि मधोमध जाऊन उभा राहिला.

"दादा, बाहेर ये!" मी ओरडलो.

"पोरांना वर बसवायचं असंल, तर आधी मी खाली उभा राहायला नको?"

मॅडमनी वर आवाज दिला, "पाणी बंद करा!" मग दादाला म्हणाल्या, "तुम्ही आत आहात तोवर एक थेंबही भरणार नाही. चाचणी झाली नाही तर मुलंही वर येणार नाहीत."

दादा क्षणभर घुटमळला आणि बाहेर आला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. तेव्हा मला कळलं, तोही लई भ्याला होता.

पाणी पुन्हा सुरू झालं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी ते काढून टाकल्यावर काटा जवळजवळ पहिल्या जागेवर आला, म्हणजे वाकलेलं छत परत सरळ झालं होतं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "बोलवा मुलांना. कपाटं मात्र भिंतीकडेला लावा."

दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "एकट्याला उचलायची नाहीत ती. येतोस का?"

मी त्याच्या मागोमाग जिना चढलो.