सरळ ठेवलेले काप

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. खिडकीला काळा कागद डकवलेला, मे महिन्यात आत नुसती भट्टी. धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीवर गेलं तरी बोलायला कोणी नसे. मला माणसं आवडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांनी ते खरं मानलं याचा मला राग यायचा.

आमचे डॉक्टर सशाच्या पायात रेशमी धाग्यांच्या आधाराने नवी कंडरा वाढवत होते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तिचा पातळ काप मी सूक्ष्मदर्शकात दोन खास काचांच्या मधे ठेवायची. एरवी समोर अंधार दिसे. तंतू एका दिशेने नीट लागलेले असले, की ते त्या अंधारात चकाकत. ती चकाकी दिसली तरच डॉक्टर माणसाच्या हातावर तो इलाज करणार होते.

तो माणूस उमरेडचा विणकर. टिनाच्या पत्र्याने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कंडरा तुटल्या होत्या. दर महिन्याला एस.टी.ने यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा.

"बाई, चमकून राहिलं का काई?"

मी नकारार्थी मान हलवायची.

"मंग पुढच्या महिन्यात येतो. जेवल्या का तुम्ही?"

एवढंही मला दुसरं कोणी विचारत नव्हतं. मी त्याच्या फेरीची वाट पाहू लागले होते, हे सांगायची आजही लाज वाटते.

आठ महिने मी वहीत 'रचना नाही' असं लिहिलं. शेवटी डॉक्टरांनी प्रयोग बंद केला.

सामान आवरताना काप ठेवायच्या तबकडीचा स्क्रू सैल झाला. तबकडी जराशी फिरली आणि काप लख्ख उजळला. दुसरा ठेवला, फिरवला. तोही उजळला. त्या खास काचा एकाच दिशेचा प्रकाश सोडतात; तंतू त्या दिशेशी अगदी समांतर असले तर चकाकत नाहीत, म्हणून तबकडी फिरवून पाहायची असते. पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं होतं. पण सैल तबकडी हलते म्हणून मी स्क्रू आवळून टाकला, आणि टापटिपीच्या हौसेपायी प्रत्येक काप काटेकोर सरळ ठेवत गेले. अति तिथे माती, दुसरं काय!

डॉक्टरांनी विणकराला बोलावून घेतलं. तोवर बोटांचे सांधे आखडले होते. नवी कंडरा घालूनही बोटं आता हलणार नव्हती. चूक माझी होती, हे मी त्याच्याशेजारी बाकावर बसून सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने डाव्या हाताने ती आखडलेली बोटं सरळ करून पाहिली.

"तुमच्या संगं पाहाले दुसरं कोणी नव्हतं काय, बाई?"

"नव्हतं," मी म्हणाले.

ते खोटं होतं. शेजारच्या खोलीत दोघीजणी काम करायच्या. त्यातल्या एकीने विचारलंही होतं, मी जरा पाहू का म्हणून. मी दार लावून घेतलं होतं.