जबाबात न घेतलेली ओळ

ती घटना आठवायला मला काही करावं लागत नाही. दिवस मावळता मावळता समोरून एखादी गाडी लाईट न लावता आली की ती आपोआप आठवते, आणि आमच्या चंद्रपुरात अशी एक तरी गाडी रोज संध्याकाळी येतेच. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, अहेरीकडे असताना तर जीव मुठीत धरून रस्ते तुडवले. पण मनाला लागून राहिली ती एका साध्या अपघाताची केस. नावं कोणाचीच लिहीत नाही. माझ्याबद्दल मात्र सगळं लिहिणार आहे.

तेव्हा मी नागभीडच्या बाजूला एका लहान पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्द मोठी, जीप एक आणि डिझेलचा कोटा तोकडा. महिना संपायच्या आत कोटा संपायचा आणि मग घटनास्थळी जायला कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावं लागायचं. मी मुळातच काटकसरी माणूस. बायको म्हणायची, तुम्ही चुकून पोलिसात गेलात, किराणा दुकानात जास्त शोभला असता. त्यामुळे डिझेल वाचवणं हा माझा आवडता विषय झाला होता. ठाण्यातल्या भिंतीवर मी तशी सूचनाही लावली होती.

त्या वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात स्टँडवर काळी-पिवळी जीपवाल्यांची सभा घेतली. मी चांगलं अर्धा तास बोललो. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, टपावरचं रिकामं ओझं उतरवा, रेल्वे फाटक पडलं की इंजिन बंद करा, उगाच रेस देऊ नका. हे सगळं ठीकच होतं. पण बोलण्याच्या भरात पुढे म्हणालो, उतार लागला की इंजिन बंद करून टाका, गाडी आपल्या वजनानं जाते, डिझेल कशाला जाळता? मी स्वतः मोटारसायकलवर हेच करत असे. जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सप्ताह रस्ता सुरक्षेचा होता, आणि गाडीचे लाईट कधी लावावेत याबद्दल मी एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत, एका संध्याकाळी गावातल्या पोलीस पाटलाचा फोन आला. एक बाई रस्त्यावरच्या मोरीजवळ मरून पडली आहे, दिरानं ढकलून मारली असं लोक म्हणतात. खबर एवढीच होती. पण खबर कोणत्या शब्दांत येते त्यावर पोलिसाचं डोकं चालायला लागतं. माझ्या डोक्यात 'दीर' हा शब्द आधी शिरला आणि बाई नंतर.

जागा अशी होती. जंगलातून येणारा डांबरी रस्ता लांब उतारानं खाली येतो, खाली एक मोरी, मोरीच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि पलीकडे लगेच गाव. बाई धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापून भारा डोक्यावर घेऊन घरी निघाली होती. तिचं डोकं मोरीच्या दगडावर आपटलं होतं आणि गवत रस्त्यावर पसरलं होतं. मी बॅटरीच्या उजेडात आणि सकाळी पुन्हा रस्ता पाहिला. काच नाही, ब्रेक घासल्याची खूण नाही. गावात ज्याला विचारावं तो सांगे की गाडी आलीच नाही, उतारावरची जीप दूर असतानाच गावात ऐकू येते. तिचा नवरा त्या वेळी घरी बैल बांधत होता. तोही हेच म्हणाला.

दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याची बांधी मोरीला लागूनच. दोनच दिवसांपूर्वी धुऱ्यावरून त्याचं आणि वहिनीचं सगळ्यांदेखत भांडण झालं होतं. प्रेताजवळ पहिला तोच पोचला आणि त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. मला आणखी काय पाहिजे होतं? मी त्याला ठाण्यात आणलं.

अटक दाखवली नाही. चौकशीसाठी बसवून ठेवला. हा आमच्या खात्यातला जुना प्रकार आहे. माणूस दोन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला असतो आणि कागदावर तो ठाण्यात आलेलाच नसतो. मी त्याला हात लावला नाही. तेव्हा मला त्याचंच मोठं कौतुक वाटत होतं. पण ठाणं बाजाराच्या रस्त्यावर आहे आणि त्या आठवड्याचा बाजार दुसऱ्याच दिवशी होता. अख्ख्या पंचक्रोशीनं त्याला त्या बाकावर बसलेला पाहिला.

मी त्याला किती वेळा विचारलं याचा हिशेब नाही. तो एकच सांगे. वहिनीला उचलून पाहिलं म्हणून रक्त लागलं. बांधीत असताना आधी धप्पकन आवाज आला. वर पाहिलं तर रस्त्यावरून काहीतरी काळं निघून गेलं.

"गाडीच होती साहेब. पण आवाज नाई, लाईट नाई. मी खोटं नाई बोलून राह्यलो."

मी हसलो. म्हटलं, आवाज नाही, लाईट नाही, मग काय भूत चालवत होतं का? शिपाईही हसले. तो खाली मान घालून बसला.

खोटं बोलणारा माणूस दर खेपेला आपली गोष्ट थोडी सुधारून सांगतो. कुठे अडलं ते त्याच्या लक्षात येतं आणि पुढच्या वेळी तो तिथे टाका घालतो. हा काहीच सुधारत नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यानं सहज म्हणून आवाज ऐकला असं सांगितलं असतं, तर गाडीची गोष्ट मला हसण्यावारी नेता आली नसती. हे मला त्या वेळीही जाणवलं होतं. जाणवूनही मी ते बाजूला ठेवलं. शवविच्छेदनाच्या अहवालात डाव्या मांडीवर आडवा वळ लिहिला होता, तो मी काठीचा धरला.

दुसऱ्या दिवशी बाईचा नवरा, म्हणजे मोठा भाऊ, पंचनाम्याच्या कामानं ठाण्यात आला. बाकावरून धाकटा उठून उभा राहिला आणि "दादा" म्हणाला. मोठा त्याच्याकडे न पाहता आत माझ्या टेबलापर्यंत आला, सही केली आणि तसाच गेला. मी खुर्चीवर बसून हे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, घरच्यालाही खात्री आहे. त्याची खात्री माझ्या त्या बाकानं केली होती, हे मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याच वेळेला जागा पुन्हा पाहावी म्हणून निघालो. ड्रायव्हर शिपाई गाडी चालवत होता. सूर्य बुडाला होता, पण आम्हाला रस्ता स्पष्ट दिसत होता. उतार सुरू झाला आणि त्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. फक्त वाऱ्याचा आणि टायरचा बारीक आवाज. जीप आपल्या वजनानं वेग घेत खाली चालली होती. मोरीच्या अलीकडे एक म्हातारा डोक्यावर जळणाची मोळी घेऊन आमच्याकडे पाठ करून चालला होता. तो वळेना. आमच्या दोघांचंही लक्ष उशिरा गेलं, कारण मागून ती मोळी रस्त्याकडेच्या झुडपासारखी दिसत होती. ड्रायव्हरनं ब्रेकवर सगळं वजन टाकलं. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, गाडी लगेच थांबत नाही. आम्ही म्हाताऱ्याच्या हातभर बाजूनं पुढे गेलो आणि मोरी ओलांडून थांबलो. म्हाताऱ्यानं मोळी टाकून दिली होती. तो म्हणाला, "साहेब, तुमी आले कुठून?"

मी ड्रायव्हरला विचारलं, इंजिन का बंद केलं? तो माझ्याकडे नवलानं पाहायला लागला. स्टँडवरच्या सभेत तुम्हीच सांगितलं होतं, म्हणाला, तेव्हापासून रोजच करतो. आणि लाईट? इंजिन बंद असताना लाईट लावला तर बॅटरी बसते, मग धक्का मारावा लागतो. शिवाय अजून दिसत होतं की. मी खाली उतरलो आणि मोरीच्या दगडावर बसलो. आवाज नाही, लाईट नाही, ब्रेकची खूण नाही. बाकावरचा माणूस तीन दिवस मला हेच सांगत होता.

पुढचा तपास एका सकाळीत झाला. त्या वेळी त्या रस्त्यानं रिकामी परतणारी जीप एकच होती. तिच्या बंपरला पोचा होता आणि बंपरची उंची मांडीवरच्या वळाशी जुळली. तिचा ड्रायव्हर बायकापोरांचा साधा माणूस. समोर बसवताच रडायला लागला. भारा झुडूप वाटला, म्हणाला, धक्का बसला तेव्हा कळलं, पण भीतीनं थांबलो नाही, गाव मागे पडल्यावरच इंजिन चालू केलं. दुसऱ्याला ठाण्यात बसवल्याचं ऐकूनही तो गप्प राहिला होता. तो त्याचा गुन्हा, आणि तो त्यानं कबूल केला. मग डोळे पुसून म्हणाला,

"उतारावर इंजिन बंद करा म्हणून तुमीच त सांगतलं होतं, साहेब."

रायटर जबाब लिहून घेत होता. त्यानं पेन उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एवढं घेऊ नको, पुढचं लिही. त्यानं पुढचं लिहिलं. इंजिन बंद होतं हेही मग जबाबात आलं नाही, कारण ते आलं असतं तर का बंद होतं हा प्रश्न आला असता. 'हयगयीने वाहन चालवून' एवढ्यावर काम भागलं. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला, साक्षीदार तपासले गेले नाहीत आणि केस मिटली. वरिष्ठांनी जलद तपासाबद्दल शाबासकी दिली. ती मी घेतली.

धाकट्याला मी त्याच दिवशी सोडलं होतं. चूक झाली म्हणालो. तो रागावला नाही. जाताना दारात थांबला आणि हात जोडून म्हणाला, "माह्या भावाले एवढं समजावून सांगा साहेब, का गाडीचा आवाज काऊन नाई आला. माह्यं त्याले पटत नाई."

मी हो म्हणालो आणि गेलोही. मोठ्या भावाला अंगणात उभं राहून सांगितलं की गाडीनं अपघात झाला, ड्रायव्हर सापडला, तुझा भाऊ निर्दोष आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी होती तर गावात आवाज कसा आला नाही? मी खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण तिसऱ्या वाक्यात माझं नाव आलं असतं. मी म्हटलं, ते सगळं कोर्टात समजेल. आणि जीपमध्ये बसलो. कोर्टात काही समजायचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. धाकट्यानं पोलिसांना हाताशी धरलं आणि कुठला तरी ड्रायव्हर उभा केला, असं लोक म्हणू लागले. वर्षभरात धाकटा बांधी विकून बायकोच्या गावी राहायला गेला, असं पुढे कानावर आलं. माझी बदली झाली होती.

मागच्या हिवाळ्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. मेकॅनिकशी बोलता बोलता उतारावर इंजिन बंद करण्याचा विषय निघाला. तो हसला. म्हणाला, काका, गिअरमध्ये ठेवून पाय काढला तरी डिझेल जवळजवळ जात नाही, इंजिन बंद करून वाचत असेल तर कपभर चहाएवढं. मी घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी त्या गावी गेलो.

मोठा भाऊ आता म्हातारा झाला आहे. अंगणात खाटेवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. सभा सांगितली, टाळ्या सांगितल्या, बंद इंजिन सांगितलं, मोळीवाला म्हातारा सांगितला, जबाबातली ओळ सांगितली. मग तो म्हणाला,

"भाऊ त मेला साहेब. दोन वर्सं झाले. निरोप आल्ता. मी मातीले नाई गेलो."

माफी मागितली, पण ती कोणाची मागत होतो ते मलाही कळत नव्हतं. निघताना तो म्हणाला, की त्याची पोरगी आई गेली तेव्हा लहान होती, आता नागपूरला असते. तिनं काकाचं नाव घेणंच टाकलं आहे. बापाच्या तोंडचं तिला पटणार नाही. "तुमी लिहून द्या," म्हणाला.

म्हणून हे लिहिलं. गाडी चालवणाऱ्यांना या केसमधून जे सांगायचं ते थोडं आहे. सूर्य बुडाला की लाईट लावा. धुकं, पाऊस, जंगलातली दाट सावली, यांत भर दिवसाही लावा. आपल्याला अजून दिसतं आहे याला काही अर्थ नाही, समोरच्याला आपण दिसलो पाहिजे. डिझेल टायरच्या हवेतून आणि शांत पायातून वाचवा, उतारावर इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये असू द्या. आणि माझ्यासारख्या खुर्चीवर बसलेल्यांनी, आपलं नाव येतं म्हणून कोणाच्या जबाबातली ओळ गाळू नये.

गाळलेली ओळ जबाबात अशी आली असती: 'उतारावर इंजिन बंद करावे, असे ठाणेदार साहेबांनी स्टँडवर सर्वांसमोर सांगितले होते, म्हणून मी इंजिन बंद केले होते, त्यामुळे गाडीचा आवाज आला नाही.'

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो बरोबर आहे.