असीलमावशीची पिल्लं

असीलमावशी कुणालाही सहजासहजी कोंबडी देत नसे. आधी ती तुमचं घर पाहायला येई. मुलीसाठी स्थळ पाहायला जावं तशी, लुगडं चापूनचोपून नेसून, ठसठशीत कुंकू लावून ती धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरी आली, चहाला नको म्हणाली आणि थेट मागच्या अंगणात गेली. मूठभर माती उचलून बोटांत चोळून पाहिली. सकाळचं ऊन कुठवर येतं ते विचारलं. मग म्हणाली, "सांजीले खुराडं कोन लावते?"

"गडी लावतो," मी जरा ऐटीतच सांगितलं. मी शाळेत शिकवत होते आणि गडी ठेवण्याची आपली ऐपत आहे, हे तिला कळावं असं मला वाटत होतं.

"गडी सुट्टीवर जाईन तं मांजर बी सुट्टीवर जाईन का वं?" एवढं बोलून बाई चालायला लागली.

मला राग आला, पण माझी गरज मोठी होती. माझे यजमान छातीच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते आणि डॉक्टरांनी रोज एक ताजं अंडं द्यायला सांगितलं होतं. आमच्या आळीत अंड्याचं नाव काढलं तरी शेजारच्या खिडक्या लागत, तेव्हा घरचीच कोंबडी बरी, असं मी ठरवलं. मावशी पुन्हा आली आणि पुन्हा नाही म्हणून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी स्वतः खुराडं झाडत होते. हातभर घाण, केसांत भुसा. ती दारातच थांबली, हसली आणि म्हणाली, "आता देतो तुले, मास्तरीनबाई."

इतवारीच्या पलीकडे, विणकरांच्या गल्लीत तिचं घर होतं. पुढच्या खोलीत तिचा नवरा मागावर लुगडी विणत बसलेला असे. गल्ली त्याला बुवा म्हणे. दिवसभरात तो चार शब्द बोलला तर पुष्कळ. मावशी त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरून देई आणि मागच्या अंगणात तिच्या असील जातीच्या कोंबड्या फिरत. उंच मानेच्या, लांब पायांच्या, अंगणाच्या मालकिणी असल्यासारख्या. लोक असील कोंबडा झुंजीसाठी मागायला येत. मावशी त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे.

लग्न होऊन उमरेडहून ती नागपूरला निघाली, तेव्हा तिच्या आईनं एका डाल्यात एक कोंबडी घालून दिली होती. ते बांबूचं डालं अजून अंगणात होतं आणि अंगणातल्या सगळ्या कोंबड्या त्या एकीच्या लेकी, नाती, पणत्या होत्या. मावशी त्यांची नावं आईवरून सांगे. ही सकूची भागी, ही भागीची जनी. आई केव्हाच गेली होती, भाऊही राहिला नव्हता. "माहं माहेर आता एवढंच हाय," असं ती कोंबड्यांकडे बोट दाखवून म्हणे आणि लगेच कांडी भरायला लागे.

तिची देण्याची रीत बटईची होती. कोंबडी तिची, सांभाळ तुमचा. अंडी तुम्ही खा, पण खुडूक बसली की पिल्लं काढू द्यायची आणि पिल्लांना पिसं फुटली की त्यांतली निम्मी ठरल्या दिवशी परत आणून द्यायची. बाहेरून आलेलं कुठलंही पिल्लू ती आठ दिवस वेगळं, त्या माहेरच्या डाल्याखाली ठेवी. पण ज्यांचं घर तिनं पाहिलं होतं, त्यांना फक्त एक प्रश्न विचारी, "घरी सगळ्या बऱ्या ना?" हो म्हटलं की पिल्लं सरळ अंगणात. मी एकदा विचारलं, मावशी, नुसत्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवता? ती म्हणाली, "बोलन्यावर इस्वास नाही ठेवाचा तं घर पायलं कायले?"

मला तिनं जनी दिली. पहिल्या खेपेची पिल्लं मी दिवस न चुकवता पोहोचवली, तेव्हा मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकं कौतुक मला शाळेतही कुणी केलं नव्हतं.

तेवढ्यात सरकारी फारमची पिल्लं शहरात आली. नागपूरची राजधानी गेली त्या सुमाराची ही गोष्ट. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक दिवसाची पांढरी पिल्लं मिळू लागली. यंत्रात उबवलेली, स्वस्त, आणि मोठी झाली की जवळजवळ रोज अंडं देणारी. जनी मात्र थोडी अंडी देऊन महिनोन्‌महिने रुसून बसे. मला रोज एक अंडं हवं होतं. मी खोकं घेऊन आले आणि तिन्हीसांजेला, जनी आपल्या नव्या पिल्लांवर बसली असताना, ती पांढरी पिल्लं हळूच तिच्या पंखांखाली सरकवली. सकाळी जनी सगळ्यांना घेऊन अंगणात फिरत होती.

मावशीला कळलं तेव्हा ती रागावेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "कोंबडीले मोजता येत नाही वं, म्हनून तिचं मन मोठं." मग म्हणाली, "पन मशीनची पिल्लं कोन्या घरून आली, तुले काय मालूम? मशीनचं घर कोन पायलं?" मी तिला सुधारणा, विज्ञान वगैरे ऐकवलं. मास्तरीण होते ना! ती कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. आतून बुवांच्या मागाचा आवाज येत होता.

पिल्लं परत देण्याचा दिवस उजाडला त्या सकाळी दोन पांढरी पिल्लं पंख गाळून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी होती. मावशीच्या वाट्याची तीन मात्र दाणे टिपत होती. मला वाटलं, थंडी बाधली असेल. खरं सांगायचं तर दिवस चुकवून मला माझी शाबासकी घालवायची नव्हती. मी तिघांना टोपलीत घालून रिक्षानं तिच्या घरी गेले. वाटेत त्यांतलं एक डुलक्या घ्यायला लागलं, तेही मी पाहिलं.

मावशीनं टोपली उघडली. एकेक पिल्लू हातात घेऊन पाहिलं. मग नेहमीसारखं विचारलं, "घरी सगळ्या बऱ्या ना वं?"

पांढऱ्या पिल्लांचं सांगितलं असतं, तर माझ्या विज्ञानाचं हसं झालं असतं. मी म्हटलं, "हो."

तिनं तिघांना अंगणात सोडलं.

माझ्या घरची सगळी पाखरं चार दिवसांत मेली, जनीसुद्धा. माना पिळवटून, गोल गोल फिरून मेली. मानमोडी म्हणतात त्या रोगाला. तो फारममधून आला, की वाटेतल्या बाजारातून, मला ठाऊक नाही. मावशीकडे जायचा मला धीर होईना. गेले तेव्हा गल्लीतच कळलं. अंगण झाडून, शेणानं सारवून ठेवलेलं होतं. एकही पीस नव्हतं. सकू, भागी, एकही उरली नव्हती. मावशी पुढच्या खोलीत बुवांसाठी कांड्या भरत बसली होती.

मी उभ्या उभ्याच रडले. म्हटलं, "मावशी, मी खोटं बोलले. त्या दिवशी घरी दोन पिल्लं आजारी होती."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "तुह्या टोपलीतल्या पिल्लाचे डोये पायले होते मी."

"मग का घेतलीत? डाल्याखाली का नाही ठेवलीत?"

"तू हो म्हटली ना. मंग मले वाटलं, माहेच डोये म्हातारे झाले."

बुवांनी माग थांबवला. माझ्याकडे न पाहता ते पुन्हा विणू लागले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी गेले असते.

मग सुट्टीच्या दिवसांत, त्या वंशाचं एखादं पिल्लू कुठे उरलंय का ते पाहायला, आम्ही दोघी तिनं पूर्वी कोंबड्या दिलेली घरं फिरलो. मीच आग्रह धरला. रामटेकपर्यंत जाऊन आलो. काही घरची पाखरं आमच्यासारखीच मेली होती. बाकीच्या अंगणांत फारमचे पांढरे कोंबडे फिरत होते आणि पिल्लं संकराची, चितकबरी निघाली होती. मावशी प्रत्येक ठिकाणी खाली बसे, एखादं पिल्लू उचलून त्याची मान, पाय पाही आणि सोडून देई. "चांगलं हाय," असं त्या घरच्या बाईला म्हणे. परतताना ती मोटारीत खिडकीशी बसली. "तू उगी जीवाले लावून घेऊ नको," एवढंच म्हणाली. ते माझ्यानं झालं नाही.

पुढच्या वर्षी बुवांचा माग बंद पडला आणि ती दोघं भंडाऱ्याकडे पुतण्याच्या गावी जायला निघाली. मी मोटार स्टँडवर गेले. बुवा सामान टपावर चढवत होते. मावशीच्या मांडीवर ते डालं होतं, रिकामं. मला पाहून तिचा चेहरा उजळला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला आणि विचारलं, "घरी सगळे बरे ना वं?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मोटार सुटत होती, निरोपाची वेळ होती, दुसरं कुणी काय म्हणतं? पण माझ्या तोंडून निघालं, "नाही मावशी. यांचा खोकला पुन्हा सुरू झालाय. काल रक्त पडलं. मला फार भीती वाटते."

तिनं माझा हात घट्ट दाबला. "अशीच सांगत जाय," म्हणाली, आणि मोटार हलेपर्यंत तिनं हात सोडला नाही.

दीड वर्षाच्या औषधानं हे पुरते बरे झाले. ती बातमी सांगायला मी त्या गावी निरोप धाडला, तर पुतण्याचा उलटा निरोप आला की मावशी मागच्याच हिवाळ्यात गेली.

आता माझंही वय झालं. रस्त्यात कुणी भेटलं की सहज विचारतं, "घरी सगळे बरे ना?" विचारणारा उत्तरासाठी थांबलेलाही नसतो. मी मात्र थांबते. मनातल्या मनात घरातल्या एकेका खोलीत जाऊन येते, मागच्या अंगणातल्या रिकाम्या खुराड्यातही डोकावते, आणि मगच उत्तर देते.